पत्रा आतच होता

चीफ फोटोग्राफर मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की मी मावशीची भाची म्हणून एकतर्फी लिहिलं. एकतर्फीच लिहिणार आहे.

मावशी एका दैनिकाच्या डार्करूममध्ये कामाला होती. तेव्हा बातमीचे फोटो भल्यामोठ्या प्रेस कॅमेऱ्यावर निघायचे. पुढे चामड्याचा भाता, मागे दुधी काच आणि त्या काचेत सगळं जग डोक्यावर उभं. फिल्म रिळात नसायची. पोस्टकार्डाएवढी एकेक शीट चपट्या होल्डरमध्ये भरायची, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी. दोन्हींवर उजेड अडवायला एकेक सरकता पत्रा असायचा. होल्डर कॅमेऱ्यात घालायचा, पत्रा ओढायचा, फोटो काढायचा आणि पत्रा उलटा फिरवून परत आत सरकवायचा. पत्र्याची पांढरी कड बाहेर दिसली तर फिल्म कोरी, काळी दिसली तर फोटो निघालेला. एवढीशी गोष्ट, पण घाईत भल्याभल्यांची दांडी उडायची.

होल्डर भरायचं काम मावशीचं. मिट्ट काळोखात, नुसत्या बोटांनी. शीटच्या कोपऱ्यात बारीक खाचा असतात. त्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लागल्या की फिल्मचं तोंड आपल्याकडे आहे असं समजायचं. आई सांगते, मावशी झोपेतसुद्धा उशीचा उजवा कोपरा चाचपायची.

तिला फक्त भरायचं नव्हतं, काढायचंही होतं. रविवारी परवानगी घेऊन ती तो धोंड्यासारखा जड कॅमेरा बाहेर न्यायची आणि आईला गच्चीवर तासतासभर उभी करायची. तिचे फोटो बघून संपादकांनी सांगितलं होतं, पुढच्या महिन्यापासून तुम्ही बाहेरच्या कामावर. मावशीने त्यासाठी नवे बूटही घेतले.

आणि मग तो पूल उघडला. मोठे पाहुणे आले, फीत कापली, दोन मिनिटांत गाडीत बसून गेले. चीफने एकच फोटो काढला. मावशीने फिल्म धुतली, तर ती खिडकीच्या काचेसारखी लख्ख कोरी! दुसऱ्या दिवशी दैनिकात पुलाच्या बातमीजवळ फोटोच नव्हता. चीफने लेखी दिलं, "डार्करूममध्ये फिल्म उलटी भरली गेली."

मावशी सांगून थकली, की होल्डर परत आला तेव्हा पांढरी कड बाहेर होती, साहेब पत्रा ओढायलाच विसरले. चीफ म्हणाला, "घाईत फिरवायचं राहिलं." झालं! पुढच्या रविवारी तिने मुद्दाम एक शीट उलटी भरून आईचा फोटो काढला. उलट्या फिल्मवर चित्र येतंच, फक्त अंधुक आणि डावं-उजवं बदललेलं. ती कोरी उरत नाही. दोन्ही शीट घेऊन ती संपादकांकडे गेली. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, झालं गेलं." बाहेरच्या कामाचं तेवढं मात्र त्यांनी जाऊ दिलं नाही, ते रद्द केलं. मावशी निवृत्त होईपर्यंत डार्करूममध्येच राहिली. छपाईखात्यातला एक जण रोज विचारायचा, "बाई, चष्मा तरी सुलट लावलाय ना?" ती हसायची. मला राग यायचा, तो अजून आहे.

या गोष्टीला एक्केचाळीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात दैनिक नव्या इमारतीत जाणार म्हणून नव्या संपादकबाईंनी ठरवलं, की जुन्या-नव्या सगळ्यांचा पायऱ्यांवर एक फोटो काढायचा, त्याच जुन्या कॅमेऱ्याने. एका शौकिनाने दोन शीट दिल्या. दोनच. फोटो चीफ काढणार आणि होल्डर भरायला मावशी, कारण ते दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं.

मी तिच्याबरोबर गेले. चीफ आता ऐंशीचा, पण ऐट तीच. शंभर माणसांसमोर तो मोठ्याने म्हणाला, "बाई, या वेळी तरी सुलट भरा हं!"

सगळे खो खो हसले. नव्या पोरीपोरांना काय माहीत! मावशीने दोन्ही शीट उचलल्या. जुन्या डार्करूममध्ये गेली आणि तीन मिनिटांत होल्डर घेऊन बाहेर आली. दोन्हीकडे पांढरी कड बाहेर.

चीफने भाता ताणला, दुधी काचेत बघून फोकस केला, होल्डर आत सरकवला. मग पहिल्या रांगेतल्या कुणाची तरी थट्टा केली, "पोट आत घ्या, मागचे दिसत नाहीत," असं म्हणाला आणि खटका दाबला.

"झालं! छान!"

"कुणी हलू नका," मावशी म्हणाली. तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. ती कॅमेऱ्यापाशी गेली. "साहेब, पत्रा."

चीफने पाहिलं. पत्रा आतच होता, पांढरी कड ऊन खात बाहेर डोकावत होती. त्याचा चेहरा उतरला. त्याने होल्डरकडे हात नेला आणि मागे घेतला. "तुम्हीच काढा बाई," तो हळूच म्हणाला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

मावशीने होल्डर काढून फिरवला, दुसरी बाजू आत घातली, पत्रा ओढून बगलेत धरला. "खांद्याला खांदा लावा. श्वास रोखा." खट्! पत्रा परत आत, काळी कड बाहेर. मला रडू आलं. येऊ दिलं.

मग तिने दोन्ही शीट धुतल्या. कोरी धुवायची काय गरज, असं कुणीतरी विचारलं. "गरज आहे," ती म्हणाली. संपादकबाईंच्या टेबलावर खालून दिवा असलेली काच ठेवली होती. मावशीने त्यावर आधी पायऱ्यांवरच्या माणसांची शीट ठेवली, नाकी डोळी नीटस, एकही चेहरा हललेला नाही. शेजारी आत्ताची कोरी. मग पर्समधून जुनं पाकीट काढून पुलाची कोरी. दोन्ही अगदी सारख्या. शेवटी आईचा अंधुक फोटो.

"ही फिल्म उलटी भरलेली," ती म्हणाली. "आणि या दोन्ही वेळी पत्रा ओढला नाही. बघा तुम्हीच."

चीफ बराच वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. नोकरी जाईल म्हणून घाबरलो." खरं सांगायचं तर त्या क्षणी तो मला थोडासा, अगदी थोडासा, बरा वाटला.

"बाई, तुम्हाला काय हवंय?" संपादकबाईंनी विचारलं.

"चूकदुरुस्ती. आपण छापतो ना, आत चौथ्या पानावर? तशी. आणि ती साहेबांनी लिहायची."

परतताना मी तिला विचारलं, "मावशी, पत्रा आत आहे हे तुला खटका दाबायच्या आधी दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"त्या दिवशी पुलावर मी नव्हते. कसं झालं असेल ते एकदा बघायचं होतं." आणि ती इतकी हसली की रस्त्यातली माणसं वळून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर पायऱ्यांचा फोटो होता, खाली तिचं नाव. तिने तो धड पाहिलाही नाही. सरळ चौथं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं: "चूकदुरुस्ती. एक्केचाळीस वर्षांपूर्वी या दैनिकात नव्या पुलाचे छायाचित्र प्रसिद्ध होऊ शकले नाही. त्या दिवशी फिल्म सुलट भरलेली होती. चूक छायाचित्रकाराची होती."

तेवढ्यात फोन वाजला. छपाईखात्यातला तोच होता, आता म्हातारा झालेला. मावशीने फोन कानाला लावला आणि त्याला तोंड उघडू न देता म्हणाली, "हो, चष्मा सुलट आहे. तेव्हाही होता."