काथ्या घातलेली गच्ची

मी जात्याच संशयी. भाजीवाल्याने चार मिरच्या फुकट टाकल्या तरी मी त्या उलटसुलट करून बघते. त्यामुळे ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या आमच्या इमारतीची गळकी गच्ची दुरुस्त करायचं काम माझ्या धाकट्या भावाने अंगावर घेतलं, तेव्हा मला कौतुक कमी आणि धास्ती जास्त वाटली. तो नुकताच इंजिनिअर झाला होता. इमारतीतले सगळे त्याच्या शब्दावर राजी झाले होते, आणि गच्चीखालचं घर माझं.

त्याने वरची जुनी टाकी पाडली आणि तिचाच मलबा फोडून खडी केली. नारळाचा काथ्या आणला, बोट बोट कापला आणि काँक्रीटमध्ये कालवला. म्हणे, हे तंतू काँक्रीटला धरून ठेवतात, भेगा पडू देत नाहीत.

"खडी देवनारच्या कचऱ्याच्या डम्पिंगची दिसते ना गं?" शेजारीण कानाशी लागली. मी तिला उडवून लावलं आणि दुपारी गुपचूप मलबा उपसून बघितला. टाकीचाच होता. तरी समाधान होईना. याला कुणीतरी शेंडी लावतंय, नाहीतर हाच आमच्या डोक्यावर कॉलेजातले प्रयोग करतोय, असं मनाने घेतलं.

थर पडला. दुसऱ्या दिवशी भावाने कडेने मातीचे बांध घालून गच्चीवर पाणी साठवलं. "ताई, आठवडाभर हे हलता कामा नये. पाणी मिळालं तरच काँक्रीट घट्ट होतं."

तिसऱ्या दिवशी वर डोकावले, तर पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस. हे पाणी माझ्या ओळखीचं होतं. मालवणकडच्या आमच्या गावात सोडणं, म्हणजे नारळाची सालं, महिनोन्महिने पाण्यात कुजवून काथ्या काढतात. त्या खड्ड्यांना हाच रंग चढतो. म्हणजे काथ्या कुजतोय, माझ्या पोरांच्या डोक्यावर कुजतोय! मी खाली गेले, उलथनं आणलं आणि बांध फोडला.

संध्याकाळी कामावरून आल्यावर भावाने बांध लिंपून पुन्हा पाणी भरलं. "फुटला कसा?"

"कावळे येतात रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेल्यावर मी पुन्हा फोडला. असं आठवडाभर चाललं. दिवसभर गच्ची उन्हात कोरडी तापायची.

दहाव्या दिवशी भेगाच भेगा. सगळे वर जमले. "पाणी नीट मारलं होतंस का?" एकाने विचारलं. भावाने बांधाकडे बघितलं. तिथे उलथन्याचे वार स्पष्ट दिसत होते.

"कमी पडलं असेल. चूक माझी," तो म्हणाला. काम त्याच्याकडून काढून घेतलं.

मग तो माझ्याकडे येऊन बसला. मी चहा दिला आणि वर तोंडही वाजवलं, "काथ्या कुजणारच होता. मला पाणी बघूनच कळलं."

त्याने कप खाली ठेवला आणि आमच्या गावच्या बोलीत म्हणाला, "ताय, कुजता ता सोडाण. काथो खंय कुजता?"

माझी आजी जन्मभर काथ्या धोपटत होती. कुजल्यावर जे उरतं तोच काथ्या, हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. पाण्यात उतरला तो नुसता त्याचा रंग. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीस?"

"तू थंयच होतंस मा," तो म्हणाला. खरंच, मी तिथेच उभी होते.

हिच्या भावाने गच्चीची वाट लावली, असं त्या इमारतीत अजून म्हणतात. मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.