छोटी कॉइल

बाळांनो, आजोबांचा मेटल डिटेक्टर तुम्हाला पाठवावा म्हणून आज गराजमधून काढला, तर दांड्याच्या टोकाला बसणाऱ्या मोठ्या चकतीच्या, म्हणजे कॉइलच्या, कव्हरमधून वाळू सांडली आणि २०१६चा तो जानेवारी आठवला. तेव्हा दर रविवारी आम्ही जॉन्सनव्हिलहून समुद्रावर जायचो. कुठे कोणती कॉइल लावायची याचा तक्ता त्यांनी सांगितला होता आणि मी तो टाइप करून डिटेक्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता: मोकळ्या बीचवर मोठी, बागेत मधली, जुन्या घराच्या खिळ्यांनी भरलेल्या अंगणात छोटी. इकडे दक्षिणेत जानेवारीत उन्हाळा असतो, तरी त्या दिवशी वारा बोचरा होता, पाणी शिशासारखं करडं होतं, आणि ते बीचवर छोटी कॉइल लावत होते. "अहो, नियम तुमचाच ना? इथे खिळे कुठे दिसले तुम्हाला?" मी म्हटलं. "चुकलं, हेडबाई," म्हणून ते हसले आणि त्यांनी निमूटपणे मोठी बसवली. दहा मिनिटांत ते वाळूतच खाली बसले, उजवा हात डाव्या हाताने धरून. "जड झाली गं जरा," एवढंच म्हणाले. स्नायू दुबळे करणारं ते दुखणं डॉक्टरांनी मला सांगितलं मार्चमध्ये. त्यांच्या हाताला ते आधीच कळलं होतं. त्यानंतर आम्ही समुद्रावर गेलो नाही आणि ती पेटीही मी उघडली नाही. आज उघडली, तर तक्त्यातल्या 'बीच: मोठी' यापुढे पेन्सिलीने, वेड्यावाकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलेलं दिसलं, 'छोटीही चालेल.'