झरोक्यातला बोळा

भडक्याला घरी बोलवायचं म्हणजे आधी बोलणी खायची आणि मग काम करून घ्यायचं, हे सगळ्या वस्तीला पाठ होतं. तरी लोक त्यालाच बोलवायचे. उन्हाळ्यात एसी आणि थंडीत गॅसचे हीटर, दोन्ही तोच बसवायचा, तोच दुरुस्त करायचा. त्याचा हात लागलेलं मशीन वर्षभर कुरकुरत नसे. कुरकुरायचा तो हाच.

एसी कुठला घेऊ म्हणून कुणी विचारलं की हा आधी खोलीची चौकशी करायचा. केवढी आहे, वर गच्ची आहे की कुणी राहतं, ऊन कुठल्या अंगानं येतं. समोरचा म्हणायचा, दुकानदार तर म्हणाला, मोठाच घ्या. झालं! तळपायाची आग मस्तकात. अंथरूण पाहून पाय पसरावेत एवढंही कळत नाही का, एवढ्याशा खोलीला एवढं धूड लावलं तर ते घडीत चालू घडीत बंद, खोली गार पण दमट, आणि मग यायचं माझ्याकडे रडत. मशीनची जाळी तर कुणी धूतच नसे. धुळीची गोधडी झालेली ती जाळी तो घरमालकिणीच्या पुढ्यात धरायचा आणि विचारायचा, वहिनी, असल्या गाळण्यातून चहा गाळून प्याल का?

पण हे सगळं वरवरचं. त्याचा खरा राग होता तो झरोक्यात कोंबलेल्या बोळ्यावर.

गॅसच्या हीटरला जळायला हवा लागते. म्हणून त्या खोलीच्या भिंतीला वर एक भोक ठेवतात, त्यावर जाळी बसवतात, आणि बाहेरची हवा त्यातून आत येत राहते. ती बंद झाली की धूर पाइपातून बाहेर जायचा सोडून खोलीतच उतरतो. त्या विषारी धुराला ना रंग ना वास. डोकं दुखतं, पेंग येते, आणि माणूस निजतो तो उठतच नाही. पण लोकांना हे सांगून उपयोग काय? त्यांना एवढंच दिसतं, की एकीकडे गॅस जाळून खोली गरम करायची आणि दुसरीकडे भिंतीतल्या भोकातून थंडी आत घ्यायची. मग कुणी त्यात जुना मोजा कोंबतं, कुणी उशीचा अभ्रा. पालथ्या घड्यावर पाणी!

भडका नवा नवा कामाला लागला तेव्हा एकदा त्याच्या मिस्त्रीबरोबर एका घरी गेला होता. दार वाजवून वाजवून हात दुखले. शेवटी दार तोडलं. आत नवरा-बायको शेजारीशेजारी निजलेली, गालांवर चांगली लाली, आणि हीटर आपला जळतोय. झरोक्यात स्वच्छ धुतलेला टॉवेल, नीट घडी घालून बसवलेला. तेव्हापासून कुठल्याही घरात शिरला की त्याची नजर आधी झरोक्यावर जायची. बोळा दिसला की तो उपटून घरच्यांच्या अंगावर फेकायचा आणि असा काही बोलायचा की तीन मजले ऐकायचे. त्याचं नाव भडका पडलं ते त्यामुळेच. त्याला त्याचं काही वाटत नसे. शिव्या खाऊन माणसं जगतात ना, मग खाऊ देत, म्हणायचा.

उलटून बोलायची त्याला एकच बाई, त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ताईनंच याला वाढवलं. हा पन्नाशीला टेकला तरी तिच्यासाठी 'बाळ'च. ती दोन खोल्यांत एकटी राहायची, लेक लग्न होऊन लांब गेलेली. तिचा हीटर भडक्यानंच निवडला, भडक्यानंच लावला. गेल्या उन्हाळ्यात एसीही त्यानंच बसवला. त्या दिवशी त्याच्या मागे अजून चार घरं, फोन सारखा वाजतोय, आणि ताईनं नुकताच भिंतींना रंग दिलेला. माझी भिंत विद्रूप केलीस तर याद राख, असं ती स्वयंपाकघरातून ओरडत होती आणि हा फोनवर दुसऱ्याच कुणावर ओरडत होता. तशा घाईतही काम मात्र त्यानं इतकं देखणं केलं की शेजारीण मुद्दाम बघायला आली.

थंडी पडली. हीटर सुरू झाले. एक दिवस ताईनं फोनवर सहज सांगितलं की सकाळी उठलं की डोकं जड होतं, बाजारात जाऊन आलं की बरं वाटतं. भडका ताडकन उठून उभाच राहिला. झरोक्यात बोळा कोंबलास ना, म्हणाला. ती म्हणाली, नाही रे. खोटं बोलू नकोस, म्हणाला. ती म्हणाली, अरे, मी कशाला कोंबीन, तू इतकी वर्षं डोकं खातोयस माझं त्यावरून. यानं ऐकलंच नाही. सगळ्या बायका असंच म्हणतात, थंडी वाजते म्हणून कोंबतात आणि मी आलो की काढून लपवतात, तू तरी शहाणी असशील असं वाटलं होतं! मग तिचाही पारा चढला. खोटारडी म्हणतोस मला, तर येऊ नकोस माझ्या घरी, म्हणाली आणि फोन ठेवला. मानी माणसं दोघंही. यानं ठरवलं, ती स्वतः फोन करील तेव्हाच जाईन. खरं तर तेव्हाच उठून जायला हवं होतं. परक्यांच्या घरचे झरोके तपासत हा गावभर हिंडत होता आणि सख्ख्या बहिणीच्या घरी जायला याचा राग आडवा येत होता!

फोन आला तो शेजारणीचा. ताई दूध घ्यायला म्हणून दारात आली आणि तिथेच कोसळली. शेजारीण शहाणी, तिनं आधी ताईला ओढून बाहेरच्या जिन्यात आणलं आणि मग गाडी बोलावली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हीटरचा धूर अंगात भिनलाय, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

भडका वॉर्डात शिरला तो तोंडाचा पट्टा सोडूनच. ताईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सुई, आणि हा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून बोलतोय. जन्मभर लोकांना कानीकपाळी ओरडून सांगत आलो आणि माझ्याच घरात हे! तुला काही झालं असतं म्हणजे? मी कुणाकडे बघायचं? चार पैशांची ऊब जिवापेक्षा मोठी झाली का तुला? बोलता बोलता त्याचा आवाज फाटला, पण थांबला नाही. शेजारच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली. ताई मास्कच्या आत मान हलवत होती, नाही, नाही. तेवढ्यानं तो आणखीच पेटला.

"अजून नाहीच म्हणतेस? थांब. तो बोळा घेऊन येतो आणि तुझ्या हातात देतो. सगळ्यांसमोर."

नर्सनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. तो तसाच तणतणत ताईच्या घरी गेला. शेजारणीकडून किल्ली घेतली, शिडी लावली, चढला, आणि झरोक्याच्या जागी हात घातला.

झरोका नव्हताच.

तिथे होती पांढरी प्लॅस्टिकची पट्टी, एसीच्या डब्यापासून भिंतीपर्यंत सरळ गेलेली, कडा कशा चपखल बसलेल्या. त्यानं ती उचकटली. आत एसीचे तांब्याचे पाइप झरोक्यातून बाहेर गेले होते, आणि उरलेल्या फटीत फोम भरला होता, वरून ब्लेडनं तिरका कापून एकसारखा केलेला. फोम असा तिरका कापणारा या वस्तीत एकच माणूस होता. आता त्याला सगळं आठवलं. रंगवलेल्या भिंतीला नवं भोक नको म्हणून तूर्त इथूनच पाइप काढू, थंडीच्या आधी येऊन वेगळं भोक पाडू, असं तो स्वतःशीच म्हणाला होता. मग फोन वाजला होता.

भडका शिडीवर उभा होता. त्यानं स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली, पण ती ऐकायला घरात कुणी नव्हतं. मग त्यानं पेचकस घेतला आणि फोम उकरायला लागला. इतका जोर लावला की रंगाचे पोपडे उडाले, बोटं सोलली, आणि शेवटी बाहेरची गार हवा त्याच्या तोंडावर आली.

तो दवाखान्यात परतला तेव्हा ताईचा मास्क काढलेला होता. शेजारची म्हातारी जागीच होती, नर्स दारात उभी होती. ताईनं त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"आणलास बोळा?"

त्यानं खिशातून फोमचा पिवळा तुकडा काढून तिच्या चादरीवर ठेवला. मग वाकून, तिच्या कानाशी, हळू आवाजात सांगितलं, की झरोका त्यानंच बुजवला, उन्हाळ्यात, एसी बसवताना.

ताईनं तो तुकडा उचलून उलटसुलट पाहिला.

"मी नाही म्हणाले होते. फोनवर म्हणाले. इथे तोंड बांधलं होतं तरी म्हणाले. तू ऐकलंस?"

तो चादरीवर पडलेला फोमचा चुरा झटकायला लागला.

"मघाशी मला बोललास ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं. आता हेही त्याच आवाजात सांग."

भडका सरळ उभा राहिला. म्हातारी बघत होती, नर्स बघत होती. त्यानं दोनदा घसा खाकरला.

"मी बुजवला," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं," ताई म्हणाली.