डावी पोटरी

डॉक्टरांनी आधी रिपोर्ट पाहिला, मग ह्यांची डावी पोटरी, मग मला विचारलं, "मालिश किसने की?"

मी ऐटीत सांगितलं, "मैंने. चार दिन से, गरम तेल से."

त्यांनी पायावर चादर ओढली. मग म्हणाले, "अब हाथ मत लगाइएगा."

डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, म्हणजे पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गाठ. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला होता. त्याला पल्मोनरी एम्बोलिझम म्हणतात. सोमवारी पोटरी दुखली, बुधवारी सुजली. शुक्रवारी अधारतालच्या आमच्या घराचा जिना चढताना ह्यांना धाप लागली आणि आम्ही इस्पितळ गाठलं.

माझे यजमान ओमती भागातल्या एका खाजगी ऑफिसात होते. सकाळी दहाला टेकले की सातलाच उठायचे. डबा टेबलावर, चहा टेबलावर. "उठून जाऊ काहून? सगळं हाताशी आहे," म्हणायचे, आणि ऑफिसात त्याचं कौतुक व्हायचं. मीही काही कमी नव्हते. कंबर दुखते म्हणाले तर मी खुर्चीसाठी जाड गादी शिवून दिली, आणखी बसता यावं म्हणून!

आयसीयूत ब्लड थिनर, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं औषध, सुरू झालं. दुसऱ्या संध्याकाळी मला पाच मिनिटं आत सोडलं.

"पाय दुखून राहिला गं. जरा दाबून दे ना."

माझा हात पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. ते माझ्याकडे बघत राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना नाही म्हटलं होतं. सकाळी ते गेले.

"आपका कसूर नहीं. घंटों बैठना, वजन, वजहें कई होती हैं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी हे आपणहून सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण माझ्या हातांना ते अजून पटत नाही.

तुमच्या घरी कुणाचा एकच पाय सुजून दुखत असेल, तर तेल गरम करू नका. तडक डॉक्टरांकडे न्या.

तेराव्यानंतर ह्यांचं सामान आणायला ऑफिसात गेले. "भाभीजी, बैठिए ना," म्हणत ह्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यांचीच खुर्ची पुढे केली. माझी गादी तिच्यावर तशीच होती.

मी उभीच राहिले. "भैया, आप लोग उठिए. बस, दो मिनट."

सगळे उठले आणि माना खाली घालून उभे राहिले. त्यांना वाटलं, श्रद्धांजली आहे.

मी एकेकाच्या पायांकडे बघत होते.