नवसाबाईंचं पोट आणि चारशे पानं

मखमलाबादच्या पट्ट्यात लग्न ठरलं, की मुहूर्ताच्या पाठोपाठ नवसाबाईंची तारीख धरली जाते. बावीस वर्षं त्या हळदीचं जेवण रांधतायत. वय अठ्ठावन्न, बांधा काटक, आवाज मात्र मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाणारा. त्यांची एक रीत ठरलेली होती. पातेल्यातला थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचे आणि मग सांगायचं, मीठ पाहिजे की नको. रस्सा असो, भात असो, बुंदीचा पाक असो, पहाटेपासून पंगत उठेपर्यंत असं शंभरदा तरी व्हायचं. स्वतः मात्र पान मांडून कधी जेवायच्या नाहीत. एवढ्या चवी घेतल्यावर भूक कुठली राहते, म्हणायच्या.

अशा बाईचंच पोट बिघडावं, ही नशिबाची चेष्टाच म्हणायची.

दोन वर्षं चाललं होतं. सकाळी उठल्यावर पोट बरं असायचं. दुपार झाली की तट्ट फुगायचं, इतकं की नेसूची गाठ सैल करावी लागायची. ढेकरा, गुरगुर, मधूनच जुलाब. अंगावरचं मांस उतरत चाललं, पायांना मुंग्या यायला लागल्या. जळजळीसाठी मेडिकलमधून आणलेली ॲसिडिटीची गोळी त्या रोज सकाळी घेत होत्या, तीही गेली आठ वर्षं. ती कुणी सांगितली आणि किती दिवसांसाठी सांगितली, हे आता त्यांनाही आठवत नव्हतं. पोट जास्त फुगलं की आणखी एक गोळी घ्यायची, ओवा चघळायचा आणि गप्प राहायचं.

गप्प राहायला कारण होतं. रांधणारीचंच पोट धड नाही म्हटल्यावर तिच्या हातचं कोण खाणार? एका मांडवातली कुजबुज दुसऱ्या मांडवात जायला कितीसा वेळ लागतो? नवसाबाईंना पोटापेक्षा या कुजबुजीचंच भय जास्त होतं, आणि ते काही वेडेपणाचं नव्हतं.

पण घरात लपवणार कुणापासून? त्यांची सून शुभांगी शाळेत शिकवते. सासूबाईंनी एका वर्षात तिसऱ्यांदा ब्लाउज आत घ्यायला दिला, तेव्हा तिनं तो शिवणयंत्रावर ठेवला आणि म्हणाली, "आई, हा मी शिवणार नाही. आधी डॉक्टरकडे चला." डोळे तपासायला जातोय असं शेजारी सांगून दोघी गंगापूर रोडला पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

तिथली तपासणी मोठी गमतीची. आदल्या दिवशी नुसता पांढरा भात, रात्रभर उपास, सकाळी ग्लासभर गोड पाणी प्यायचं आणि दर वीस मिनिटांनी एका यंत्रात फुंकर मारायची. नवसाबाई जवळजवळ तीन तास फुंकत बसल्या. "उभा जन्म चूल फुंकण्यात गेला, आता ह्ये यंत्र फुंकते," असं त्यांनी नर्सला सांगून टाकलं. फुंकरीत भलता वायू निघाला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशी, तुम्ही काय काम करता?" उत्तर ऐकून त्या हसल्या. "मग तुम्हाला लगेच कळेल. पाहुणे बसायच्या आधी वाढपीच पंगतीला बसले तर काय होईल? तुमच्या लहान आतड्यात तेच झालंय. जिथे जंतू थोडेच असायला हवेत, तिथे ते फार वाढलेत. तुम्ही खाता ते आधी तेच खातात, त्याचा वायू होतो आणि तुमच्या अंगाला काही लागत नाही."

हे झालं कसं, तेही त्यांनी सांगितलं. पोटातलं आम्ल पुष्कळ जंतू मारतं. आठ वर्षांच्या गोळीनं ते कमी झालं असावं. शिवाय दोन जेवणांच्या मधे आतडं स्वतःला झाडून घेतं. दिवसभर थेंब थेंब पोटात जात राहिला तर झाडायला फुरसत कुठली? चौदा दिवसांच्या गोळ्या, त्या पुऱ्या करायच्या. मुंग्यांसाठी बी-ट्वेल्वची इंजेक्शनं. ॲसिडिटीची गोळी त्या सांगतील तशी हळूहळू कमी करायची. कांदा, लसूण, डाळी, गहू काही आठवडे बाजूला, मग एकेक करून परत सुरू. आणि दोन खाण्यांत चार तास पाण्याशिवाय तोंडात काही नाही. "हे पुन्हा होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "झालं तर इकडे या, मेडिकलमध्ये जाऊ नका."

नवसाबाईंनी एकच विचारलं. "बाई, माझ्या हातून अन्नात जात्यात का हे जंतू?"

"नाही. हे असं पसरत नाही. हात नेहमीसारखे धुवा आणि खुशाल रांधा."

डॉक्टरीणबाईंचं पटलं, पण गाव काय म्हणेल ते बाई थोड्याच सांगणार होत्या. शेवंतीची शेती करणाऱ्या कोंडाजींच्या मुलीची, आरोहीची हळद तीन आठवड्यांवर होती, चारशे पानांची. नवसाबाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

"भाऊ, या खेपेला दुसरं कुनी बघा. गुडघा लय दुखतो."

"मग बसून सांगा. हलवायला मानसं देतो की."

नवसाबाईंना खोटं कधी जमलंच नव्हतं. "गुडघा नाय, पोट हाय," असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. "मधी तोंडात काय घालायचं नाय. चवीबिगर चारशे पानांचं कसं करू? अन् पोटात जंतू हायेत म्हटल्यावर कोन खाईल माझ्या हातचं?"

कोंडाजी म्हणाले, "आमच्या खंडेरायाचा नैवेद्य दरसाल तुमीच रांधता ना आक्का? त्याला कुनी आधी तोंड लावतं का?"

देवाच्या पानाची चव आधी घेत नाहीत. नऊ वर्षं नवसाबाई तो नैवेद्य करत होत्या, आणि त्यात एकदाही मीठ चुकलं नव्हतं.

"बाकीचं माझ्यावर सोडा," असं म्हणून कोंडाजी उठले. ते गप्प राहतील, असा नवसाबाईंनी त्याचा अर्थ घेतला.

तोवर औषधाच्या गोळ्या पुऱ्या झाल्या होत्या आणि पोट बरंच हलकं झालं होतं. हळदीच्या दिवशी त्यांनी सगळं देवाचं पान समजून केलं. सवयीनं तळहात तीनदा डावापाशी गेला, तीनदा त्यांनी तो पदराला पुसला. मीठ मुठीच्या अंदाजानं, मसाला वासावरून, रस्सा वर आलेल्या तेलाच्या रंगावरून. अकरा वाजता त्यांनी शुभांगीनं दिलेला डबा उघडला आणि भात, बिनकांद्याची दोडक्याची भाजी पोटभर खाल्ली. बावीस वर्षांत मांडवात बसून जेवल्या त्या पहिल्यांदाच.

पंगत बसली. चव साधली का ते बघायला त्या रस्स्याची बादली घेऊन स्वतःच वाढायला निघाल्या. पहिल्याच पानावर कोंडाजींच्या आई, कुसाबाई. म्हातारीनं मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आता फुगतं का गं पोट?"

नवसाबाईंचा डाव हवेतच राहिला.

"कोंडाजीनं घरोघर जाऊन सांगितलंय," कुसाबाई म्हणाल्या. "आक्काच्या पोटाचं औषध चालू हाय, तिला चव घ्यायचा आग्रह करू नका म्हणून."

नवसाबाईंनी पंगतीवरून नजर फिरवली. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे जेवत होते. दोनचार बाया तर पुरीचा घास हातात धरून, आपलंही पोट असंच फुगतं, ते डॉक्टर कुठलं, हे विचारायची वाट बघत होत्या. नवसाबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

कुसाबाईंनी ताट पुढं केलं. "मीठ चिमूटभर कमी हाय. वाढ आजून."