होडीतली वात

लढाईच्या सालात आमच्या मालकांनी घराम्होरं होडी बांधली. शेतकऱ्याला होडी कशापायी, आसं समदं पुनतांबं इचारायचं. तर हे दोन सालं मुंबैला गोदीत कामाला हुते, तिथं सायबांच्या हौशीच्या होड्या दुरुस्त करायचे, आन् परत आले ते डोक्यात होडीच घिऊन आले. संगं वल्ही अडकवायच्या दोन पितळी कड्या आन् बुचाचा एक पट्टा. तो कमरंला बांधला की मानूस बुडत न्हाई म्हनं. सासूबाई म्हनायच्या, "लोकाची पोरं मुंबैवनं लुगडं आनत्यात, ह्यानं बूच आनलंय."

माझं माहेर दुस्काळी कर्जतकडचं. तिकडं पानी म्हंजी आडाच्या तळाला, दोर सोडला तरच कळायचं हाय का न्हाई. हितं नदी दारातनं दिसती, मला आजून तिकडं सरळ बघवत न्हाई. मी दुसरीपोतर शिकले, बोलते तशीच लिहिते.

फळ्या आंब्याच्या हुत्या. दोन फळ्यांच्या फटीत कापसाच्या वाती ठोकायच्या, वरनं राळ आन् तेलाचा लेप द्यायचा, मग पानी आत येत न्हाई. त्या वाती मीच वळल्या, देवाच्या वळते तशा मांडीवर, निसत्या हातभर लांब. मग आठ दिस होडी दगडं घालून काठालाच बुडवून ठिवली. लाकूड फुगून घट्ट हुतं म्हनं. मी मनात म्हनलं, ऱ्हाऊ दे आशीच.

दिवाळी झाल्यावर एका रात्री जेवताना हे म्हनाले, "उद्या मी एकटा जाऊन बघतो. परवा पोराला पल्याड नेतो."

"दीड वर्साचं हाय ते."

"मग? त्याला काय वल्हं मारायला लावतो का?"

"पट्टा गळून पडंल त्याच्या अंगातनं."

"बरं, तुझ्या म्हायेरावनं लहान पट्टा मागव."

सासूबाई हसल्या. मी भाकरी थापत ऱ्हायले, ती तव्यावर टाकायच्या आधीच फाटली.

सकाळी धुनं घिऊन नदीला गेले. होडी पान्यातनं काढून काठाला वढलेली, जवळ कोन न्हाई. आत बसले, केसातल्या आकड्यानं तळाचा लेप उकरला आन् एक वात वढून काढली. मला वाटलं, फुटक्या घागरीवानी लगेच भरंल, हे काठालाच भिजतील, लोकं हसतील, आन् पोराचं जानं ऱ्हाईल. लेपाचा चुरा बोटानं फटीत दाबला. वात कनवटीला खोवली. धुनं कसंबसं पिळलं आन् मळ्याच्या वाटंनं घरी आले, कारन घाटाच्या वाटंनं हे समोर आले आसते तर माझं तोंडच बोललं आसतं.

घरी आले तर झोळी रिकामी.

"पोरगं कुठाय?"

सासूबाई शेंगा फोडत हुत्या. "बापाच्या गळ्यालाच पडलं, सोडंना. घिऊन गेला. उद्याचं आज न्हेलं, काय बिघडलं?"

मी पळाले. पायात काटा मोडला त्यो घाटावर गेल्यावर कळला. होडी पार मधी गेल्ती. लाकूड फुगलेलं, फटीनं लगेच पानी घेतलंच न्हवतं. ते आता घेनार, मधी, आन् हे मला एकटीलाच ठावं.

मी वरडले, "अहो." घाटावर बैल धुनारे चार गडी हुते, चौघं बी वळले. हे न्हाई वळले. परत वरडले, "अहो, पोराचे बाप." एक गडी म्हनला, "वैनी, हितं समदेच कुनाचे तरी बाप हायेत." धुनं धुनाऱ्या बायका हसल्या. वल्ही आपली चाललीच हुती पल्याड.

मग मी नाव घेतलं. लग्नात उखान्यात घेतलं हुतं, त्याच्यावर कवाच न्हाई. बेंबीच्या देठापासनं घेतलं, निसतं नाव, एकेरी. घाट गप झाला. वल्ही थांबली. हे वळले, मी हात हलवत म्हनलं, तळ बघा, तळ बघा.

होडी काठाला येइपोतर मी कमरंइतक्या पान्यात उभी हुते, कवा शिरले म्हाईत न्हाई. आत घोट्याएवढं पानी. पोरगं ह्यांच्या पोटाशी उपरन्यानं बांधलेलं, आन् बुचाचा पट्टा दोघांच्या भवती एकच. माझं बोलनं ह्यांनी ऐकलं हुतं तर. पोरगं हसत हुतं. मी कनवटीची वात काढून ह्यांच्या हातावर ठिवली.

ह्यांनी ती पिळून पानी काढलं आन् म्हनाले, "मला वाटलं, आईचं काय झालं. तू नाव घेतलंस म्हनून."

सांजच्याला होडी पालथी घातली. मोगरी माझ्या हातात दिली. "जिथनं काढलीस तिथं तूच ठोक. तू घट्ट झाली म्हनशील तवाच पोरगं जाईल."

मी ठोकली. लेप दिला. आठ दिस बुडवली बी.

सासूबाई आजून नाव घेतल्याचं बोलत्यात, वातीचं त्यांना ठावंच न्हाई. हे एकटे जात्यात, येत्यात, पाय कोरडे. पोरगं काठाला माझ्या कडंवर हात पसरून रडतं. मी रोज होडीत वाकून त्या फटीवरनं बोट फिरवते, लेप दगडावानी झालाय. हे वल्ही धरून इचारत्यात, "झाली का घट्ट?"

मी म्हनते, "आजून जरा ढिली लागती."