म्हसाच्या जत्रेत सहा देश

म्हसाच्या जत्रेला कधी जावं, असं इथे दोघातिघांनी विचारलंय. पौषात जा, रिकामी पिशवी न्या, कारण घोंगडी घेतल्याशिवाय परतणार नाही. भाषण मात्र नेऊ नका. मी १९६३ साली नेलं होतं.

तेव्हा मी कल्याणला शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो. युरोपातल्या सहा देशांनी मिळून सामाईक बाजारपेठ काढली होती, आणि त्यांचे पुढारी कुठकुठल्या पक्षांचे, हे शोधायचं मला वेड लागलं होतं. घरात कुणी विचारत नसे, तरी मी सांगत असे.

त्यातच मुरबाडकडून अक्काचा निरोप आला. तिचे यजमान धर्माभावोजी आणि शेजारचे काशिनाथराव, दोघांचा एकेक बैल. त्या एका जोडीवर दोन्ही घरांची भातशेती चालायची. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत भावोजींनी बैलजोडी या निशाणीचा प्रचार केला, काशिनाथरावांनी झोपडीचा. सभेत एकमेकांचे वाभाडे निघाले आणि बोलणं तुटलं. आता दोघंही आपापला बैल म्हसाला विकायला नेणार होते. जोडी मोडली तर येत्या पावसाळ्यात दोन्ही घरांची शेतं पडीक राहणार, तू शिकलेला आहेस, येऊन समजव, असं अक्काचं म्हणणं.

मला वाटलं, देवाने हे काम माझ्यासाठीच राखून ठेवलंय. मोठ्या तपकिरी कागदावर सहा देश काढले आणि प्रत्येक पुढाऱ्याच्या पक्षाची रंगीत चिठ्ठी गव्हाच्या खळीने चिकटवली.

शहापूरच्या वाचनालयात आधी रंगीत तालीम करायची होती. त्यासाठी आसनगाव स्टेशनला उतरायचं. पण भाषण मनात घोळवताना आसनगाव कधी गेलं कळलं नाही, आणि मी आटगावला उतरलो. आग्रा रोडने उलटा चालू लागलो, तेव्हा एका ट्रकवाल्याला दया आली. वाचनालयात तीन श्रोते होते. दोघं वर्तमानपत्र मोकळं व्हायची वाट बघत होते. तिसरे अधूनमधून टाळी वाजवत होते, ते डास मारत होते.

दुसऱ्या दिवशी एसटीने किन्हवलीमार्गे मुरबाड. तिकीट स्वस्त होतं आणि धूळ फुकट. स्टँडवर चहा-भजी खाल्ली आणि ओळखीच्या बैलगाडीतून म्हसा गाठलं.

म्हसोबाला नमस्कार करून बैलबाजारात आलो. भावोजी एका चिंचेखाली, काशिनाथराव दुसऱ्या चिंचेखाली, आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. बैल मात्र मान वळवून एकमेकांकडे बघत होते. मी दोघांच्या मधोमध कागद पसरला आणि सुरू झालो. हे देश एकमेकांशी लढले, माणसं मेली, तरी आज वेगवेगळ्या पक्षांचे पुढारी एका टेबलाशी बसतात.

भावोजींबरोबर आलेली अक्का भाकरीचं फडकं सोडत कागदाकडे बघत होती. "का रे, यात पाच चिठ्ठ्या निळ्याच हायत ना?"

"हो. जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड, लक्झेंबर्ग. पाचही ख्रिस्ती लोकशाहीवाले. फ्रान्स तेवढा वेगळा."

"म्हंजे पाच जण एकाच पक्षाचे," भावोजी म्हणाले. "मंग त्यांना जमंल नाय तर काय?"

"तेच म्हनतो मी," दुसऱ्या चिंचेखालून काशिनाथराव म्हणाले. "यात काय शिकायचा आमी?"

वर्षभरात दोघांचं एकमत झालं ते हे एवढंच. बेल्जियमच्या सरकारात समाजवादीही आहेत, असं मी पुटपुटलो, पण कुणी ऐकलं नाही. आठवडाभर त्या निळ्या चिठ्ठ्या मीच कापल्या होत्या.

तेवढ्यात जुन्नरकडचा एक व्यापारी आला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून बोटं धरतात, त्यावरून आकडा कळतो. त्याने भावोजींचा बैल निरखला, मग दुसऱ्या चिंचेकडे पाहिलं. "सुटा नको. दोन्ही द्या. तुम्ही आपसांत ठरवा," म्हणत त्याने आपलं उपरणं पुढे केलं.

काशिनाथराव उठून आले. दोघांचे हात उपरण्याखाली गेले. भावोजी डोंगराकडे बघत होते, काशिनाथराव जत्रेतल्या पाळण्यांकडे. अक्काच्या हातातली भाकर तशीच राहिली. बराच वेळ गेला.

"नाय विकायचे," भावोजी म्हणाले.

"नाय," काशिनाथराव म्हणाले.

अक्का पदराने डोळे पुसत मला म्हणाली, "जेव आता." माझ्या व्याख्यानाचा उशिरा का होईना परिणाम झाला, असं सांगायला मी कागदाकडे वळलो. खळीच्या वासाने भावोजींच्या बैलाने लक्झेंबर्ग आणि निम्मं बेल्जियम खाल्लं होतं.

कल्याणला येताना घोंगडी आणि उरलेला युरोप घेऊन आलो. त्या पावसाळ्यात दोन्ही शेतं नांगरली गेली. पक्ष दोघांनी शेवटपर्यंत बदलले नाहीत, पुढच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध घसा बसेपर्यंत ओरडले. उपरण्याखाली काय ठरलं, हे भावोजींनी मला कधी सांगितलं नाही. ते गेले तेव्हा काशिनाथरावांना विचारलं.

"काय नाय ठरलं, मास्तर. मी आकडा सांगायला बोट पुढं केला. त्यानं माझा सगळा हातच धरून ठेवला. मंग मी पन सोडला नाय."

एवढं सांगून ते आपल्या हाताकडे बघत बसले. मी पहिल्यांदाच काही समजावून सांगायला गेलो नाही.